डावीकडे खेचणारी लाली

बाळकुम, ठाणे
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय काका,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, कानाचं मशीन तुम्ही खुंटीला टांगून ठेवता असं काकू म्हणते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही पाठवलं तरी तुमचा फक्त अंगठा येतो. म्हणून शेवटी पोस्टातून पाकीट आणलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "राखी आत्ता?"

तुमची लाली आजारी आहे. खरं तर माझी म्हणायला हवं, कारण डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तुम्ही ती माझ्या गळ्यात घातलीत त्याला दोन वर्षं झाली. पण आजारी पडली की ती तुमचीच. लाल रंग, दोनच सीट, कापडी छप्पर आणि इतकी बुटकी की सिग्नलला रिक्षावाले वाकून आत बघतात. हे सगळं मला फार आवडतं. पण आता तिचं स्टिअरिंग थाऱ्यावर नाही. डोंबिवलीच्या क्लिनिकला जाताना माणकोलीच्या पुलावर साठच्या पुढे गेले की चाक हातात थरथरायला लागतं. सरळ रस्त्यावरही ती मनाला येईल तशी चालते, मी सारखी ओढून जागेवर आणते. स्पीडब्रेकरवर खालून टक् असा आवाज येतो. कळव्याच्या साईनाथकडे दोनदा अलाइनमेंट करून घेतली. दोन दिवस बरं वाटतं, मग परत तेच. साईनाथ म्हणतो, "ताई, जुनी स्पोर्ट्स गाडी म्हणजे असंच असतं."

बाबांना मी शब्द दिलाय की वर्ष संपायच्या आत गाडी सरळ चालली नाही तर विकून टाकीन. गाडी घेतली त्या पहिल्याच आठवड्यात कशेळीच्या पुलावर तिने मला कठड्यापर्यंत नेलं होतं. त्यावर बाबांनी तुम्हाला फोन करून "माझी एकुलती एक पोरगी मारायला निघालास" म्हटलं, तुम्ही "तुला रुळाशिवाय काय कळतं" म्हटलंत. ते मात्र तुम्हाला फोनवर स्वच्छ ऐकू आलं! रेल्वेच्या कारशेडमध्ये जन्म काढलेल्या माणसाला हे लागणारच. तेव्हापासून तुम्ही दोघं भाऊ मूग गिळून बसलात. आता गाडी विकली तर बाबांचंच खरं ठरेल, आणि मग तुम्ही परत कधी बोलणारच नाही अशी मला भीती वाटते. आई गेल्यापासून या घरात मोठ्याने हसणारं कुणी यायचं तर तुम्हीच यायचात. म्हणून विचारते, काय करू?

तुमची
दर्शना


खडवली
७ नोव्हेंबर

चि. दर्शना,
जय भीम आणि आशीर्वाद.

आधी रागावतो, मग बोलतो.

अलाइनमेंट हे शेवटचं काम असतं, पहिलं नव्हे. ज्या सांध्यांवर चाक उभं आहे ते सांधेच ढिले असतील तर चाक सरळ करून काय उपयोग? खड्ड्यात गेलं की परत वाकडं. साईनाथने दोनदा तेच केलं, तू दोनदा करू दिलंस. आयटीआयमध्ये असताना माझ्या वर्गात अशा पोराला मी बाकावर उभं केलं असतं.

पत्र लिहिलंस ते मात्र झकास केलंस. माझ्या वर्गाचा नियमच होता, की पान्याला हात लावायच्या आधी लक्षणं कागदावर लिहायची. माणूस बोलताना "गाडी हलते" एवढंच बोलतो. लिहायला बसला की त्याला विचार करावा लागतो, कुठे हलते, कधी हलते, काय केल्यावर हलते. तेव्हा आता रोज लिही. रस्ता कुठला, वेग किती, ब्रेक मारल्यावर काय झालं. चांगलं वाटलं तेही लिही.

आणि घरी एवढं कर. पुढचं एकेक चाक जॅकवर उचल आणि वरखाली धरून हलव, मग दोन्ही बाजूंनी धरून हलव. वरखाली हललं तर एकाला आत बसवून ब्रेक दाबायला सांग आणि पुन्हा हलवून बघ. हे विसरू नकोस, याच्यावर बरंच अवलंबून आहे. मग गाडी खाली घेऊन प्रत्येक कोपरा वरून दाबून सोड, किती वेळ झुलते ते बघ. टायरच्या आतल्या कडेवर तळहात फिरव. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोज. जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, नुसतं डोकंसुद्धा घालायचं नाही.

विकण्याबद्दल आत्ताच बोलू नकोस. दादाला माझ्याकडून काही सांगायचं नाही. त्याने विचारलं तर मी ठणठणीत आहे म्हण. नाही विचारलं तर आपणहून सांगायची गरज नाही. विचारतो का?

तुझा काका
राजरत्न


बाळकुम
२४ नोव्हेंबर

प्रिय काका,
जय भीम.

आमचे डॉक्टर म्हणतात, एक्स-रे काढणाऱ्याने दिसलं ते सांगावं, वाटलं ते सांगू नये. त्यामुळे हे काम मला जमलं. जसंच्या तसं उतरवते.

सोमवार ते शनिवार, दोन्ही आठवडे, माणकोली पूल: साठला थरथर सुरू, सत्तरला जास्त. गाडी भरकटते, कधी या बाजूला, कधी त्या. स्पीडब्रेकरवर टक्.

रविवार, घोडबंदर रोड: थरथर तशीच, पण गाडी आता सतत डावीकडे खेचते. ब्रेक मारला की आणखी डावीकडे, आणि पुढच्या डाव्या चाकापाशी टक्. सोमवारी खेचणं गायब.

पुढचा रविवार, भिवंडी बायपास: पुन्हा डावीकडे. आज सोमवार, पुन्हा गायब. याचा अर्थ मला लागला नाही.

पुढचं डावं चाक वरखाली हलतं. ब्रेक दाबून ठेवला तरी हलतं. बाजूने धरल्यावरही किंचित हलतं. उजवं दोन्हीकडून घट्ट. डावा पुढचा कोपरा दाबून सोडला की झुलत राहतो, बाकीचे लगेच स्थिर होतात. डाव्या टायरची आतली कड खाल्ल्यासारखी झालीय, तळहाताला खरखरीत लागते. डावी कमान उजवीपेक्षा बोटभर खाली आहे.

ब्रेक दाबायला एकाला बसवलं होतं.

बाबांनी विचारलं. "राजाचे कान कसे आहेत?" एवढंच, आणि लगेच पेपर तोंडासमोर धरला.

दर्शना


खडवली
२८ नोव्हेंबर

चि. दर्शना,

पोरी, जिंकलंस! अशा नोंदी माझ्या वर्गात पहिल्या नंबरच्या पोरानेही लिहिल्या नव्हत्या.

आधी गंभीर गोष्ट. चाक वरखाली हलतं आणि ब्रेक दाबूनही हलतं, म्हणजे चाकाचं बेअरिंग निर्दोष आहे. खालचा बॉल जॉइंट गेलाय. चाक ज्या गोळीवर फिरतं तीच खिळखिळी झालीय. ती निखळली तर चाक आडवं होईल. हे पत्र वाचलंस की किल्ली भिंतीवर लाव. साईनाथकडे न्यायची ती टोइंगच्या गाडीवरून, चालवत नाही. हे मी काका म्हणून नाही, मास्तर म्हणून सांगतोय. दादाला यातलं काही कळवू नकोस, घरात नाचेल.

बाजूने हलतं तो टाय रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांडीच्या टोकाचा दोष. साठनंतरची थरथर बहुतेक त्याचीच. ब्रेक मारल्यावर टक् होऊन डावीकडे जाते, म्हणजे डाव्या लोअर आर्मचा, चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचा, रबरी बुश फाटलाय. ब्रेक लागला की चाक स्वतःच मागे सरकतं. झुलतं म्हणजे धक्के झेलणाऱ्या शॉकअपमध्ये जीव नाही, आणि कमान खाली आलीय म्हणजे स्प्रिंग बसलीय.

आता रविवारचं बघू.

गाडीला वार कळत नाही, दर्शना. सहा दिवस ती खेचत नाही आणि सातव्या दिवशीच खेचते, याचा अर्थ काय? एकटी असतेस तेव्हा तुझं वजन उजवीकडे असतं, म्हणून डावी कमजोर बाजू लपून राहते. रविवारी त्या डाव्या बाजूवर भार पडतो. म्हणजे रविवारी तुझ्या शेजारी कुणीतरी बसतं. आणि ते कुणीतरी हलकं नाही. लाली इतकी खेचायची तर माणूस चांगला भरभक्कम हवा.

ब्रेक दाबणारा तो "एक" कोण, हे मी विचारत नाही. तू वयात आलेली, कमावती मुलगी आहेस. फक्त नाव, शिक्षण, नोकरी, आईवडील आणि वजन एवढंच कळव.

तुझा काका
(कुणाला सांगणार नाही. काकूला सांगितलंय, पण ती मोजायची नाही.)


बाळकुम
१ डिसेंबर

प्रिय काकू,

हे पाकीट काकांच्या हाती लागू देऊ नकोस. डाव्या सीटवर बाबा बसतात!

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी ते बॅटरी आणि स्टीलची पट्टी घेऊन खाली आले. "मला या डब्याचे दोष स्वतःच्या डोळ्यांनी बघायचेत," म्हणाले. त्या दिवशी पूर्ण वेळ दाराची मूठ धरून बसले आणि प्रत्येक खड्ड्याला "बघ! बघ!" म्हणत होते. पुढच्या रविवारी टोपी घालून आले. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, "छप्पर उघडून बघू, आवाज नीट ऐकू येईल." आता शनिवारी संध्याकाळपासूनच विचारत असतात, उद्या किती वाजता निघायचं. दोष शोधायला बसतात म्हणे. मग येऊरच्या पायथ्याशी थांबून भुट्टा खाण्यात कुठला दोष सापडतो ते मला कळलेलं नाही.

काकांचं पत्र आलं की मी ते टेबलावर ठेवून आंघोळीला जाते. परत येईपर्यंत पत्राच्या घड्या बदललेल्या असतात. परवा बॉल जॉइंटचं वाचल्यावर वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण त्यांनी किल्ली उचलून स्वतःच्या खिशात घातली आणि टोइंगवाल्याला स्वतः फोन केला.

आमचा करार असा आहे. ते शेजारी बसलेले असताना गाडी सरळ चालली, तर ते माझ्यासोबत खडवलीला येतील. वर्ष संपेपर्यंत नाही चालली तर गाडी विकायची आणि खडवलीचं नाव काढायचं नाही. आणि काकांना यातलं काही कळता कामा नये. कळलं तर राजा म्हणेल दादा हरला, असं म्हणतात. मी शब्द देऊन बसलेय, त्यामुळे काकांना खरं सांगू शकत नाही, आणि काका तर मुलगा बघायला निघालेत. काय करू?

तुझी
दर्शना


खडवली
४ डिसेंबर

प्रिय दर्शना,

तुझं पत्र वाचून पिठाच्या डब्यात लपवलं. एकटीच हसत होते तर तुझे काका म्हणाले, काय झालं? म्हटलं, पीठ छान दळून आलंय.

काही करू नकोस. त्यांना मुलगाच वाटू दे. गेल्या आठवड्यात त्यांनी नवीन शर्ट आणलाय, मुलाकडच्यांसमोर बरा दिसेल म्हणून. रोज जेवताना विचारतात, "शीला, किती किलोचा असेल गं?" दोन वर्षांनी या माणसाला एवढं उत्साहात बघतेय, मी कशाला मोडता घालू?

एक सांगते. परवा सहा डिसेंबर. आधी दोघं भाऊ ठाणे स्टेशनवर भेटून सोबत दादरला जायचे. गेली दोन वर्षं तुझे काका एकटे जातात आणि दिवसभर रांगेत भाऊजी दिसतात का ते बघतात. हे ते मला सांगत नाहीत. परत आल्यावर ज्या तऱ्हेने गप्प बसतात त्यावरून कळतं. ते मला बघवत नाही गं. काहीही कर, पण भाऊजींना इथे आण. ती लाली इतकी वर्षं माझी सवत म्हणून या दारात उभी होती. आता तिचा मला काहीतरी उपयोग होऊ दे.

काकू


बाळकुम
८ डिसेंबर

प्रिय काका,
जय भीम.

लाली साईनाथकडे पोचली, टोइंगवरून. तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. आधी गाल फुगवून बसला, मग म्हणाला, "ताई, मास्तरांना विचार, दोन्ही बाजूंचं बदलू की एकाच?" बॉल जॉइंट हातात घेऊन दाखवला मला, खुळखुळ्यासारखा वाजत होता. तो रोज पुलावरून मला घेऊन जात होता. डाव्या आर्मचा बुश मधोमध फाटलेला निघाला. टाय रॉडचं टोकही बदललं. काल साईनाथ आणि मी खारेगावपर्यंत फेरी मारून आलो. थरथर संपली, टक् संपलं. पण शेजारी माणूस असला की थोडी डावीकडे जाते, अजूनही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एवढंच सांगते की हो, रविवारी कुणीतरी असतं. नाव विचारू नका, मी शब्द दिलाय. वजन चांगलं आहे. नोकरीत शिस्तीचा म्हणून नाव होतं. हट्टी आहे. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणत नाही. चहा बशीत ओतून पितो. माझ्या गाडी चालवण्यावर विश्वास नाही, सिग्नल हिरवा झाला की "हिरवा झाला" असं मला सांगतो. जेवल्यावर बसल्या जागी घोरतो. पण माझ्यावर जीव टाकतो. मी उशिरा घरी आले तर न जेवता थांबतो, आणि भूकच नव्हती असं सांगतो.

तुम्हाला कसा वाटतो?

दर्शना


खडवली
१२ डिसेंबर

चि. दर्शना,

स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. हा माणूस सोड.

बशीत चहा पितो? हल्लीचा कुठला मुलगा बशीत चहा पितो? वय काय त्याचं? आणि हट्टी माणसाबरोबर जन्म काढणं म्हणजे काय ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे, मी अशाच एका माणसाच्या पाठीवर जन्मलोय. तू लिहिलेलं एकेक वाचताना मला दादाच डोळ्यासमोर दिसत होता. तो असाच. लहानपणी मी खेळून उशिरा आलो की न जेवता बसायचा आणि भूक नव्हती म्हणायचा. तू आपल्या बापासारखाच मुलगा शोधलास, बाकी काही नाही. मुली शोधतात असं मी ऐकलं होतं, आता पाहिलं.

असो. काकू म्हणते, न बघता नाव ठेवू नये. तेही खरं. आणि जीव टाकतो हे तू लिहिलंस ते मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटलं.

आता लालीचं. उरलेलं खेचणं स्प्रिंगचं आहे. साईनाथला सांग, पुढच्या दोन्ही स्प्रिंगा आणि दोन्ही शॉकअप जोडीने बदल. एक नवी एक जुनी ठेवली तर एक चढेल एक पडेल, तो तुझा रविवार कायमचा राहील. सगळं बसवून थोडी गाडी फिरवा, सांधे जागेवर बसू देत. त्यानंतर, आणि त्यानंतरच, अलाइनमेंट. ती करताना दोन्ही सीटवर माणसं बसवायची. उजवीकडे तू. डावीकडे त्या भरभक्कम माणसालाच बसव, म्हणजे गाडी नेमकी त्याच्या वजनाला सरळ होईल.

मग रविवारी, एकवीस तारखेला, त्याला घेऊन इकडे ये. पडघ्यापासून खडवलीचा रस्ता कसा आहे ते तुला माहीत आहे. त्या रस्त्यावर गाडी सरळ आली तर गाडी पास. माणसाचं मी बघतो.

तुझा काका


बाळकुम
१७ डिसेंबर

प्रिय काका,

दोन्ही स्प्रिंगा, दोन्ही शॉकअप झाले. अलाइनमेंटच्या वेळी डावीकडे तोच बसला होता. साईनाथला सगळं काम परत करून दाखवायला लावलं त्याने, शेवटी साईनाथने त्यालाच चहा पाजला.

काल भिवंडी बायपासला ऐंशीवर मी क्षणभर हात सैल सोडून पाहिले. लाली तसूभर हलली नाही. डावीकडून आवाज आला, "हात ठेव स्टिअरिंगवर." थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "चल. ठरल्याप्रमाणे."

रविवारी जेवायला येतोय. काकूला सांगा, भात जास्त लाव. कानाचं मशीन कृपा करून लावा.

दर्शना


बाळकुम
२२ डिसेंबर

प्रिय काकू,

काल तू आत मासे तळत होतीस, म्हणून तुला बाहेरचं काही दिसलं नाही. सगळं सांगते.

पडघा सोडल्यावर बाबांनी दाराची मूठ धरली. मला वाटलं, खड्ड्यांना घाबरले. पण रस्ता बरा होता तिथेही सोडेनात. रेल्वेचं फाटक लागल्यावर म्हणाले, "गाडी वळव, पुढच्या रविवारी येऊ." मी म्हटलं, "बाबा, गाडी सरळ चाललीय." मग टोपी सारखी केली.

काका नव्या शर्टात गेटपाशी उभे, हात मागे बांधून, तोंडावर मुलगा बघायला आलेल्या माणसाचा रुबाब. मी गाडी उभी केली. छप्पर बंद होतं, त्यामुळे त्यांना नुसती टोपी दिसली असणार. बाबांनी दार उघडलं, पाय बाहेर ठेवला आणि अडकले. तुला माहीत आहे ती सीट किती खोल आहे. दोनदा जोर लावला, उठता येईना. काका पुढे आले, वाकले, आणि आत बघतच राहिले.

मी श्वास धरून बसलेले. शेवटी बाबा म्हणाले, "बघत काय उभा राहिलास? हात दे. या डब्यातून माणसाला उतरता येत नाही."

काकांनी हात दिला. दोन्ही हात दिले. ओढून बाहेर काढलं, आणि बाबा नीट उभे राहिले तरी हात सोडलेच नाहीत. काकांचे डोळे भरून आले होते. बाबांनी ते पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "पुढचं चांगलं झालंय. पण मागच्या डाव्या कोपऱ्यात आवाज आहे." काका म्हणाले, "नाही. मागे काही नाही." बाबा म्हणाले, "आहे, राजा. मी ऐकलाय." "दादा, मागचं मी स्वतः केलेलं आहे." "मग तूच बघ!" आणि तू जेवायला हाक मारलीस तेव्हा दोघं मागच्या चाकापाशी उकिडवे बसून भांडत होते. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडून घेतलं, मग तोंड धुऊन आत आले. म्हणून डोळे लाल होते गं, मिरचीने नाही.

जेवताना काका मला हळूच म्हणाले, "मुलगा चांगला आहे." मी म्हटलं, मी सांगितलं नव्हतं का?

मला आज कामावर यायचं होतं म्हणून मी गाडीने परतायला निघाले, तर दोघांनीही गाडी आणू दिली नाही. आवाज सापडेपर्यंत गाडी हलवायची नाही म्हणे, आणि बाबा म्हणाले, गाडीवर लक्ष ठेवायला मी थांबतो. तेव्हा येत्या रविवारी ट्रेनने येऊन दोघांना घेऊन जाते, बाबांना आणि लालीला. तोवर फार छळत असतील तर कळव.

तुझी
दर्शना


खडवली
२५ डिसेंबर

चि. दर्शना,

हे पत्र दादाला न सांगता लिहितोय. तो अंगणात गाडी पुसतोय.

मागचा आवाज सोमवारीच सापडला. डिकीत जॅक सुटा पडलाय, तोच आपटत होता. मी तो गुपचूप जुन्या शर्टात गुंडाळून ठेवला आणि दादाला सांगितलं, मागचा बुश गेलाय, नवीन कल्याणहून मागवावा लागेल, नाताळच्या सुट्ट्यांमुळे उशीर होईल. असा कुठलाही बुश मी मागवलेला नाही. जन्मात पहिल्यांदा चुकीचं निदान केलं, तेही जाणूनबुजून, आणि मला लाजही वाटत नाही.

शेजारचे पोपटराव रोज संध्याकाळी गाडी काढतात, आम्ही आळीपाळीने डावीकडे बसतो. आज गंमत म्हणजे आवाज परत आला! मी जॅक एवढा घट्ट गुंडाळलेला, मग कसा आला कळेना. पण बरंच झालं. दादाला म्हटलं, बघ, अजून थोडे दिवस लागतील.

रविवारी ये, पण गाडी नेण्याचं नाव काढू नकोस.

तुझा काका


खडवली
२५ डिसेंबर

चि. दर्शना,
जय भीम.

गाडी पूर्ण बरी आहे. आवाज जॅकचा होता. राजाने तो शर्टात गुंडाळला, ते मी खिडकीतून पाहिलं. आज सकाळी मी तो परत सुटा करून ठेवला. हे त्याला कळवू नये.

येथे सर्व ठीक. राजा फार बोलतो. त्याचे कान जवळून बोललं की चांगले आहेत.

रविवारी ये. येताना माझे चार सदरे, जाड चादर आणि बीपीच्या गोळ्या आण. गोळ्या महिन्याभराच्या आण.

तुझे
बाबा